कौतुक वाटणे आणि कौतुक करणे

दुसऱ्याच्या गुणांनी, विशेषतः आपल्या लेकराबाळांच्या कर्तृत्वाने, आपलाच ऊर भरून यावा आणि तो भरून आलेला ऊर चारचौघांत लपविता येऊ नये, या मनोवस्थेला नेमके लागू पडेल असे एकच क्रियापद इंग्रजी भाषेपाशी फार काळ नव्हते. गर्वाची, प्रतिष्ठेची आणि आत्मगौरवाची नामे-विशेषणे तिच्या कोशात विपुल होती. परंतु हे क्रियापद तिला गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अमेरिकेत मिळाले, आणि तेही राज्यकर्त्यांच्या वा विद्यापीठांच्या भाषेकडून नव्हे, तर जिला विद्वानांनी दीर्घकाळ अपभ्रष्ट जर्मन म्हणून हिणविले, अशा एका निर्वासितांच्या भाषेकडून. ती भाषा म्हणजे पूर्व युरोपातील ज्यू लोकांची यिडिश, आणि ते क्रियापद म्हणजे ‘क्वेल’. नातवाने पहिले पाऊल टाकले, मुलगी परीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाली, शेजाऱ्याच्या पोराचे नाव वर्तमानपत्रात आले, की आजी ‘क्वेल’ करते. म्हणजे हर्षाने आणि अभिमानाने इतकी भरून जाते की ते तिच्या चेहऱ्यावर, बोलण्यात आणि हातवाऱ्यांत उतू जाऊ लागते.

या शब्दाचे कुळ पाहिले असता त्यातील अर्थाची खोली ध्यानात येते. यिडिशमधील ‘क्वेलन’ हे मध्ययुगीन जर्मनमधील अशाच उच्चाराच्या धातूपासून आले असून त्याचा मूळ अर्थ उफाळणे, जमिनीतून पाणी वर येणे असा आहे. आजच्या जर्मनमध्येही ‘क्वेले’ म्हणजे झरा, उगम. काही व्युत्पत्तिकारांनी याचे नाते आपल्या संस्कृत ‘गल्’ धातूशी, म्हणजे ज्यापासून मराठीतले गळणे आले त्याच्याशी, जोडले आहे. यिडिश बोलणाऱ्यांचा याच्याच जोडीचा दुसरा एक प्रयोग आहे. मुलांपासून मिळणाऱ्या समाधानाला ते ‘नाखेस’ हा हिब्रू शब्द योजतात, आणि ते समाधान नुसते मिळाले असे न म्हणता ‘उपसले’ असे म्हणतात. विहिरीतून पाणी शेंदावे त्याच क्रियापदाने. उच्चाराने जवळपास सारखे असे एक जुने इंग्रजी क्रियापद मात्र अगदी उलट अर्थाचे आहे, त्याचा अर्थ बंड मोडणे, दडपून टाकणे. त्याचे कुळ वेगळे आणि या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही.

इंग्रजीतील गर्वाचे जे जुने क्रियापद आहे ते आत्मवाचक आहे. मनुष्य आपल्याच एखाद्या गोष्टीसाठी स्वतःला गौरवान्वित मानतो, असा त्याचा रोख. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील शूर, पराक्रमी या अर्थाच्या शब्दाकडे जाते, आणि सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी याने तर गर्वाला साऱ्या पापांचे मूळ ठरविले. ज्या मनोविकाराच्या एका टोकाला शौर्य आणि दुसऱ्या टोकाला पातक, त्याच्याजवळ आजीच्या डोळ्यांतील आनंदाला जागा उरत नाही. ती जागा यिडिशने भरून काढली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही भाषा बोलणारे लोक एक कोटीच्या आसपास होते; नाझी संहारात त्यांतील लाखो मारले गेले, आणि उरलेल्यांच्या मुलानातवंडांनी अमेरिकेत इंग्रजी धरली. त्याच भाषेत आयुष्यभर कथा लिहिणारे आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना १९७८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या भाषेचे भाषकच नष्ट होत होते तिने आपल्या शेजारच्या बलाढ्य भाषेला जे काही मोजके शब्द दिले त्यांत दुसऱ्याच्या भाग्याने भरून येण्याचा हा शब्द असावा, ही गोष्ट मला त्या लोकांविषयी फार काही सांगून जाते.

मराठीत या भावनेचे दारिद्र्य नाही, आणि हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आपल्याकडे गर्वाचे शब्दभांडार अफाट आहे आणि त्यात सर्व राजवटींनी आपापली भर घातली आहे. संस्कृतातून दर्प, मद, गर्व, अहंकार आले. मुसलमानी अमदानीत मगरूर, रुबाब, दिमाख, शेखी दाखल झाले. आणि ताठा, फुशारकी, ऐट, बढाई हे तर घरचेच. यांतील मगरूर हा अरबी शब्द मुळात ‘फसलेला, भुललेला’ या अर्थाचा आहे, आणि दिमाख म्हणजे मूळचा मेंदू. एवढ्या शब्दांत चांगल्या अर्थाने वापरावा असा बहुतेक एकच, तो म्हणजे अभिमान. आणि तोदेखील पूर्वी चांगला नव्हता. सांख्यकारिकेत अहंकाराची व्याख्याच अभिमान या शब्दाने केली आहे, आणि संतांच्या लेखी अभिमान ही टाकून देण्याची वस्तू होती. त्याला प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, पारतंत्र्याच्या जाणिवेने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली त्या काळात देशाभिमान, स्वाभिमान, भाषाभिमान हे सामासिक शब्द सुशिक्षितांच्या तोंडी रुळू लागले, आणि ते रुळणे आवश्यकही होते. खाली मान घालून चालणाऱ्या समाजाला मान वर करावयास लावणारा दुसरा शब्द त्या वेळी नव्हता.

अभिमानाच्या शेजारी, परंतु त्याच्याहून फार निराळा, असा मराठीचा दुसरा शब्द आहे कौतुक. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, आश्चर्य, उत्सवातील आनंद असा होता, आणि विवाहात हाताला बांधावयाच्या मंगलसूत्रालाही कौतुक म्हणत. मराठीत येताना त्या आश्चर्यात माया मिसळली. ज्ञानेश्वरांनी आपल्या मराठी बोलाविषयी सांगताना हाच शब्द योजला आहे, आणि आज आपण तो ज्या अर्थाने वापरतो, म्हणजे दुसऱ्याचा गुण पाहून आपल्याला वाटणारी सप्रेम धन्यता, तो अर्थ ‘क्वेल’च्या इतका जवळ जातो की एखाद्या यिडिश आजीला मराठी शिकवावयाची झाल्यास हा शब्द तिला दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागणार नाही.

या दोहोंतील भेद मला आरोंद्यासारख्या गावात जितका स्पष्ट दिसतो तितका शहरात दिसत नाही. सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी वसलेले हे गाव. नदीच्या पलीकडे गोवा, आणि अलीकडच्या तीरावरचा तेरेखोलचा किल्ला तोही गोव्याच्याच हद्दीत, कारण सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला तो पुन्हा संस्थानाकडे आला नाही. याच किल्ल्यात १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी शिरून तिरंगा फडकविला. अशा सरहद्दीवरच्या मुलखात अभिमानाचा तोटा असण्याचे कारण नाही, आणि तो नाहीही. आमच्याकडे गावाचे नाव आडनावात बांधून नेण्याची जी वहिवाट आहे तीच मुळी अभिमानाची सनद आहे. मुंबईच्या गिरणीत गेलेला, बोटीवर गेलेला, दुबईला गेलेला आरोंदेकर आपल्यापाठी आरोंदा घेऊन जातो. तीन पिढ्यांत गावाचे तोंड न पाहिलेल्या नातवाच्या दाखल्यावरही ते अक्षर तसेच राहते. हा अभिमान मनुष्याकडून गावाकडे जातो. त्यासाठी त्या मनुष्याला काही करावे लागत नाही. जन्माला येणे पुरेसे असते.

कौतुकाचा ओघ याच्या उलट, गावाकडून मनुष्याकडे असतो, आणि त्यासाठी मात्र मनुष्याने काही केलेले असावे लागते, अगदी पहिले पाऊल टाकले तरी चालेल. अभिमानाने अभिमान धरणारा मोठा होतो; कौतुकाने ज्याचे कौतुक करावयाचे तो मोठा होतो आणि करणारा क्षणभर स्वतःला विसरतो. अभिमानाची नजर बहुधा मागे, पूर्वजांकडे आणि गतवैभवाकडे. कौतुकाची पुढे, धाकट्यांकडे. म्हणून अभिमानावरून भांडणे होतात. देवळातला पहिला मान कोणाचा, पालखीला खांदा प्रथम कोणी द्यावयाचा, अवसर आल्यावर कौल कोणी घ्यावयाचा, या बाबींवरून कोकणातल्या कितीतरी गावांत फिर्यादी गुदरल्या आणि वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या. कौतुकावरून कोणी कोणावर दावा लावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परंतु याच मुलखात कौतुकाविषयी एक विलक्षण संकोच आहे, आणि आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे वळतो. आमच्याकडे कौतुक वाटते, पण केले जात नाही. तोंडावर स्तुती करू नये, पोर शेफारते, दृष्ट लागते, आपल्या तोंडाने आपल्या लेकाचे गुण काय गावयाचे, असा आमचा शिरस्ता. मुलगा पदवी घेऊन आला तर बाप ‘बरा झाला’ एवढे दोन शब्द उच्चारून पडवीतून मागच्या दारी निघून जातो, आणि आई सायंकाळी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकते. त्या मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट होती हे ठरते. एवढा आनंद त्या घरात झालेला असतो की त्याच्या रक्षणासाठी अग्नीला साक्षी ठेवावेसे वाटते, पण ज्याच्यामुळे तो झाला त्याच्या कानावर त्यातला शब्द जात नाही.

मग तो आनंद जातो कोठे? तो देवापुढे जातो. आरोंद्याच्या सातेरी-भद्रकालीच्या देवळात, किंवा या पट्ट्यातल्या कोणत्याही ग्रामदेवतेपुढे, घातले जाणारे गाऱ्हाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते उमगेल. एका जत्रेच्या सकाळी मी असाच सभामंडपात उभा होतो. गावचा एक मुलगा जहाजावर नोकरीस लागून प्रथमच सुटीवर आलेला, त्याच्या घरच्यांनी देवीपुढे नारळ ठेवला होता, आणि गाऱ्हाणे घालणाऱ्या गृहस्थांनी हात जोडून, डोळे मिटून, देवीला सर्व तपशील सांगावयास प्रारंभ केला: हे अमक्याचे लेकरू, बापाच्या माघारी आईने कष्टाने वाढविले, शाळेत रोज चालत गेले, परमुलखात समुद्रावर गेले, तेथे नाव मिळविले, आणि मिळालेल्या पहिल्या पैशातून तुझी ओटी भरावयास आले, तेची राखण कर. प्रत्येक वाक्याच्या अखेरीस जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याची आई बायकांच्या घोळक्यात मागे खांबापाशी होती; कोणी तिला काही म्हटले तेव्हा ती एवढेच बोलली, “सगळा देवीनच केल्यान.” त्या मुलाच्या आयुष्याचे इतके सुसंगत, इतके न्याय्य आणि इतके मायेचे वर्णन त्याच्या समक्ष त्यापूर्वी कोणी केले असेल असे मला वाटत नाही, आणि तेही त्याला उद्देशून नव्हते. त्याने ते ऐकले ते केवळ तेथे हजर असल्यामुळे.

गाऱ्हाणे हे रूढार्थाने मागणे आहे, तक्रार आहे, अर्ज आहे. पण माझ्या मते कोकणी माणसाने आपले कौतुक उच्चारण्यासाठी शोधून काढलेली ती एकमेव निर्धोक जागा आहे. देवापुढे मोठेपणा सांगितला तर तो गर्व होत नाही, आणि दृष्ट लागण्याची भीती राहत नाही, कारण जिने राखण करावयाची तिच्याच कानावर तो घातलेला असतो. यिडिश बोलणाऱ्या आज्यांनाही हीच धास्ती होती. नातवाचे गुण सांगता सांगता त्या मध्येच ‘वाईट नजर न लागो’ या अर्थाचा एक ठरलेला वाक्प्रचार पुटपुटत, आणि मग पुढे सांगत. फरक एवढाच, की त्या मध्ये थांबत आणि पुढे बोलत. आम्ही आरंभालाच थांबतो.

येथे कोणी विचारील की ज्यूंच्या भाषेतील शब्दाशी कोकणाचा संबंध तो काय. संबंध आहे, आणि तो जुना आहे. याच किनाऱ्यावर, अलिबागनजीकच्या नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज वर आले असे मानणारे बेने इस्राएल लोक शतकानुशतके कुलाबा जिल्ह्यात राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांची मातृभाषा मराठी. यिडिशचा त्यांना गंध नव्हता. आडनावे मात्र त्यांनी आमच्याच रीतीने घेतली, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, आणि किहीमवरून केहीमकर. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पुढे हे लोक मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. युरोपातून आलेले यहुदी आपल्या मुलांविषयीचा आनंद ज्या शब्दाने सांगत होते, त्याच भावनेसाठी त्यांच्या शेजारच्या बेने इस्राएल घरांत मराठी कौतुक नांदत होते. म्हणजे ही भावना एका वंशाची वा एका धर्माची मिरास नव्हे; फक्त ती बोलून दाखविण्याची मुभा कोणी स्वतःला किती दिली, एवढाच फरक.

ती मुभा घेतलेल्या एका मराठी स्त्रीचे उदाहरण येथे दिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना एम. डी. ही पदवी प्रदान करण्यात आली तेव्हा सभागृहात पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या त्या वेळी इंग्लंडात चेल्टनहॅम येथे राहत होत्या; नात्याने त्या आनंदीबाईंच्या दूरच्या, आणि वृत्तीने तर कितीतरी दूरच्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि आनंदीबाई आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीरपणे सांगून निघालेल्या. ज्या कारणावरून त्या काळी भाऊ भावाच्या घरचे पाणी पीत नसे, ते कारण या दोघींच्या मध्ये उभे होते. तरीही रमाबाई आपल्या लहान मुलीला घेऊन थंडीच्या दिवसांत अटलांटिक ओलांडून गेल्या, कशासाठी, तर एका मराठी मुलीला पदवी मिळताना डोळ्यांनी पाहावे म्हणून. याला मी कौतुक करणे म्हणतो. मनात वाटून घेणे चेल्टनहॅमला बसूनही झाले असते.

आणि आनंदीबाईंच्या बाबतीत उशीर करणे कोणालाच परवडले नसते. त्या परत आल्या त्या क्षयाने जर्जर होऊन. ज्या लोकांनी त्यांच्या जाण्यावर टीकेची झोड उठविली होती त्यांतले पुष्कळजण आता त्यांचे स्वागत करण्यास पुढे आले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पूर्ण होण्याच्या आत, पुण्यात त्यांचा अंत झाला. अमेरिकेत ज्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले त्या थिओडिसिया कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. त्यांच्याकडे आनंदीबाईंच्या अस्थी पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या एका बाईने या मुलीला आपल्या माणसांत जागा दिली, तेव्हा पुण्यात तिच्यावर श्रद्धांजलीचे लेख लिहिले जात होते. ते लेख मनापासूनचे होते, यात मला संशय नाही. पण ते तिला वाचावयास मिळाले नाहीत.

आजच्या आपल्या सार्वजनिक जीवनाकडे पाहिले तर अभिमानाचे पीक किती माजले आहे आणि कौतुक किती आटले आहे हे दिसावयास वेळ लागत नाही. गाडीच्या मागच्या काचेवर जातीचा अभिमान, कमानीवर घराण्याचा अभिमान, फलकावर पुढाऱ्याचा अभिमान. आणि कौतुकाचे नाव घेतले की ते दहावी-बारावीच्या गुणांपाशी येऊन संपते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, ही खरोखरीच मोठी गोष्ट आहे, आणि निकालानंतरच्या त्या आठवड्यात गावोगावी शाल-श्रीफळ देऊन गुणगौरव होतात तेही योग्यच. परंतु शाल ज्यांना मिळते त्यांच्या मागच्या रांगेत जी मुले बसलेली असतात त्यांच्यातला कोणी पहाटे बापाबरोबर होडी वल्हवून मग शाळेत आलेला असतो, कोणी आजारी आजीची अंघोळ उरकून आलेली असते, कोणाचा मृदंगावरचा हात असा असतो की दशावताराच्या बुजुर्गांनी मान डोलवावी. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभी राहून कालवे काढणारी आणि त्यावर दोन मुली शिकविणारी विधवा कोणत्याच यादीत बसत नाही. तिच्याविषयी गावात सर्वांना वाटते. विचारा, कोणीही सांगेल. तिला कोणी सांगितले आहे काय?

भाषेची गोष्टही हीच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण सर्वांनी अभिमान बाळगला, आणि तो रास्त होता. त्यासाठी ज्यांनी पुरावे गोळा केले त्यांचे श्रम मोठे होते. पण त्याच मराठीच्या अंगणातली मालवणी बोलत एखादा झील पहिलीच्या वर्गात येतो आणि ‘माका व्हया’ म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्याचे कौतुक होत नाही, ते सुधारले जाते. त्याला प्रमाण मराठी शिकवावी हे निर्विवाद. ती त्याच्या उपयोगाची आहे. परंतु त्याच्या तोंडातल्या पहिल्या वाक्याला प्रथम कोणीतरी हसऱ्या चेहऱ्याने दाद द्यावी आणि मग दुसरे वाक्य शिकवावे, यात कोणत्या अभ्यासक्रमाची हरकत येते? भाषा दोन हजार वर्षांची असल्याचा अभिमान धरणे सोपे आहे, कारण त्यासाठी कोणाकडे पाहावे लागत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बोलीचे कौतुक करावयाचे तर त्याच्यासमोर वाकून बसावे लागते. शिक्षकांच्या बाबतीतही तेच. आरोंद्याजवळच्या शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ इतकी वर्षे भाऊसाहेब खांडेकर शिकवीत होते, आणि पुढे ज्ञानपीठाचे पहिले मराठी मानकरी ठरलेल्या या लेखकाविषयी त्या भागातले लोक आजही ‘आमचे भाऊसाहेब’ म्हणून बोलतात. तो अभिमान योग्यच; पण आज त्याच टापूत, तशाच एखाद्या शाळेत, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराची वही घरी नेऊन वाचणारा जो शिक्षक आहे त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

कौतुकाचा एक धोका मी नाकारीत नाही. यिडिश बोलणाऱ्यांच्या मुलांनीच तो पुढे लिहून ठेवला आहे: आईबापांना नाखेस मिळवून देणे हेच आपले आयुष्यभराचे कर्तव्य, अशा ओझ्याखाली कित्येक मुले वाढली, आणि डॉक्टर वा वकील न झालेल्याला आपण घराचे देणे बुडविले असे वाटत राहिले. आपल्याकडेही मुलाच्या यशावर बापाचा ताबा सांगितला जातो, आणि एका परीक्षेच्या कौतुकावर पुढच्या परीक्षेची हमी मागितली जाते. असे कौतुक हे कौतुक नव्हे, ते आगाऊ दिलेले कर्ज आहे. आणि अशा कर्जाने मुले खचलेली मी पाहिली आहेत. ज्याच्या पाठोपाठ ‘आता पुढे’ हे शब्द येत नाहीत, तेच कौतुक खरे. परंतु या धोक्यावर तोडगा म्हणून आमच्या वाडवडिलांनी जे मौन धरले ते मला मान्य नाही. शेफारून बिघडलेली मुले कोकणात फार झाली नसावीत. आपण कोणाला पुरेसे पडलो की नाही याचा उलगडा न होताच चाळीशी-पन्नाशीला पोहोचलेली माणसे मात्र घरोघर आहेत. चाकरमानी म्हणून मुंबईत आयुष्य काढलेल्या, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर धाडणाऱ्या थोरल्या मुलांना विचारून पाहावे, की बापाने एकदा तरी तोंड भरून काही म्हटले होते काय. बहुतेकांचे उत्तर एकच येईल, की बाप बोलला नाही, पण त्याच्या मरणानंतर शेजाऱ्यांनी सांगितले की तो सर्वांना तुझीच पत्रे वाचून दाखवीत असे.

म्हणून माझे सांगणे फार साधे आहे आणि त्यासाठी कोणता ठराव, कोणता निधी लागत नाही. देवळात घातले जाणारे गाऱ्हाणे आहे तसेच राहू द्यावे. ती आमची वहिवाट आहे आणि सुंदर आहे. मात्र ते संपल्यावर ज्याच्यासाठी ते घातले त्याला गाऱ्हाणे घालणाऱ्यानेच जवळ बोलावून, देवीला सांगितलेला तोच मजकूर, त्याच्या डोळ्यांत पाहून, त्यालाही सांगावा. शाळांतून पालकसभा भरते तेव्हा शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी आरंभी एक चांगली, खरी आणि त्या मुलाचीच म्हणता येईल अशी गोष्ट त्याच्या समक्ष त्याच्या आईबापांना सांगावी, गुणपत्रिका मग काढावी. आणि अशी गोष्ट ज्याच्याविषयी सांगता येत नसेल त्याच्याकडे आपले लक्षच गेले नव्हते असे समजून पुढच्या सभेपर्यंत ती शोधावी. ग्रामसभेत शोकप्रस्ताव मांडण्याची प्रथा आहे, त्याच्या आधी गावातल्या जिवंत माणसांपैकी कोणाचे तरी काम इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि ते वाचले जात असताना तो मनुष्य तेथे हजर राहील असे पाहावे. यांत सर्वांत अवघड काम घरातल्या पुरुषांचे आहे, हे मी जाणतो. ‘बरा झाला’ या दोन शब्दांच्या पुढे तिसरा शब्द उच्चारण्याची त्यांना सवय नाही. तो तिसरा शब्द मुलाचे नाव असले तरी पुष्कळ झाले; मागच्या दारी जावयाचे ते त्यानंतर जावे.